अण्णा चुरींची मागची जागा

रविवारी सकाळी सिल्वासाच्या चर्चसमोर चार सायकली जमायच्या. त्यांतली सगळ्यांत शेवटी निघणारी सायकल अण्णा चुरींची. शेवटी म्हणजे रखडत नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण अण्णांना त्याचा फार राग येई. ती मानाची जागा होती.

नियम त्यांनीच घातला होता. एकदा अनंत कंपाउंडर पंक्चर होऊन मसाटजवळ मागे राहिला, आणि बाकीचे पुढच्या गावात बसून भजी खात राहिले. अनंत उन्हातून सायकल ढकलत आला, तेव्हा भजीही संपली होती. त्या दिवशी अण्णांनी ठरवून टाकलं, की ज्याचा दम कमी त्याने सगळ्यांत पुढे राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीने जायचं. ज्याच्या पायात रग आणि हाताला दुरुस्तीची सवय, त्याने हत्यारांची पिशवी घेऊन शेवटी यायचं. आणि पुढच्यांनी मागे वळून बघायचं नाही. मागे बघणाऱ्याचं हँडल वळतं आणि तो खड्ड्यात जातो. खड्डे तर त्या मुलखात पैशाला पासरी होते.

अनंत गोलमटोल होता, तो पहिल्या दिवसापासून पुढे. त्याला त्याचं काही वाटत नसे. "मी आपला इंजिन," म्हणायचा आणि घंटी वाजवायचा.

अण्णांचं नाव गजानन, गाव चिंचणी, नोकरी शाळा तपासनिसाची. पोर्तुगीज गेले, हा मुलूख दिल्ली सरकारच्या हाताखाली आला, खेडोपाडी शाळा निघाल्या, आणि त्या तपासायला माणूस हवा म्हणून अण्णा इकडे आले. जीप साहेबांना, सायकल अण्णांना. सोमवारी नरोली, मंगळवारी मसाट, बुधवारी आणखी कुठे, असा आठवडा जायचा. सायकल मात्र राजबिंडी होती. पुढच्या चाकाला दुहेरी चिमटा असलेली इंग्रजी हंबर. कुण्या फिरंगी साहेबाची. साहेब पळाला, सायकल राहिली, आणि हात बदलत अण्णांकडे आली. तिच्या मागच्या चाकातलं फ्रीव्हील असं खणखणीत वाजायचं, की घरात बसलेल्या त्यांच्या पत्नी वासंतीबाई अण्णा गल्लीत शिरताच चहाचं आधण ठेवायच्या.

"सायकल डोळ्यांनी नाही, कानांनी तपासायची," हे अण्णांचं ब्रीद. चेन कोरडी आहे की सैल, छर्रा फुटलाय की नुसती धूळ बसलीय, हे ते डोळे मिटून सांगत. आणि चौघं एकत्र आले की वाद असा रंगायचा, की चहावाल्याने कपबश्या उचलून नेल्या तरी कुणाला पत्ता नसे.

"डायनॅमो म्हणजे नाकापेक्षा मोती जड," अण्णा म्हणायचे. "उजेड चमचाभर आणि ओढ बैलाची."

"अण्णा, तुमच्या हंबरला सगळंच जड होतं," भास्कर हसायचा. भास्कर बांधकाम खात्यात ओव्हरसियर, गिरगावात वाढलेला. सगळ्या रस्त्यांचे खड्डे त्याच्याच खात्याचे, म्हणून शिव्याही त्यालाच. "चेनकव्हर काढून टाका, बघा कशी उडते."

"आणि धोतराचा सोगा चेनीत गेला की मी पण उडतो."

श्रीकांत हा चौथा. हायस्कुलात नवा लागलेला मास्तर, नवी कोरी रॅले सायकल, आणि तेल खोबऱ्याचं घालावं की शिलाई मशीनचं, असले प्रश्न. अण्णांचा त्याच्यावर जीव होता. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे त्याला अण्णांनीच शिकवलं होतं. "उजवं उजवीकडे आवळतं, डावं डावीकडे. जगात एवढी एकच वस्तू आपल्या बायकोसारखी, आपण म्हणू त्याच्या उलट फिरणारी," असं सांगून. वासंतीबाईंच्या कानावर ते गेलं, आणि त्या दिवशी अण्णांना चहा मिळाला नाही.

हे सगळं छान होतं. फक्त अण्णा थकले होते.

थकवा एका दिवसात आला नाही. आधी गुडघा बोलू लागला, मग कंबर, मग छातीत धाप. शाळा तपासून घरी आलं, की ते ओट्यावर सायकलशेजारीच बसून राहत, चप्पल काढायचीही इच्छा नसे. कुणाशी बोलावं असंही वाटेना. पण रविवार सोडवेना. आठवडाभर ते सरकारचे असत, रविवारी तेवढे अण्णा असत.

मागची जागा त्यांच्या कामी आली ती इथे. गलोंड्याच्या अलीकडे एक लांब चढ आहे, दोन्ही अंगांना साग आणि मध्ये एक वळण. पुढचे तिघं वळणाआड गेले, की अण्णा हळूच उतरायचे आणि हंबर ढकलत चालायचे. माथा जवळ आला की पुन्हा टांग टाकायची, घाम पुसायचा, आणि वर पोचल्यावर म्हणायचं, "चेन बघत होतो जरा." मागे वळून बघायचं नाही हा नियम होताच. आपल्याच नियमाच्या आडोशाला असे ते वर्षभर लपले होते. पिशवी गेली तर जागा जाणार, जागा गेली तर आडोसा जाणार, आणि मग सगळ्या जगाला कळणार की अण्णा चुरी चढावर पायी चालतात. या एका धास्तीने त्यांना शनिवारी रात्री झोप लागेना.

आणि मग तो पायडलचा घोटाळा झाला.

त्या रविवारी मसाटच्या पुढे श्रीकांतच्या सायकलची दोन्ही पायडलं करकरू लागली. अण्णांनी ती काढली, छर्रे पुसले, तेल दिलं, आणि ऊन डोक्यावर घेत परत बसवायला घेतली. डावं पायडल बसेना. अण्णांनी जोर लावला. बसेना, तसा पान्यावर पाय देऊन आणखी जोर लावला. कच्चकन आवाज झाला आणि ते बसलं. मग हातात उरलेल्या दुसऱ्या पायडलाकडे त्यांचं लक्ष गेलं. ते डावं होतं.

उजवं पायडल त्यांनी डाव्या बाजूला ठोकून बसवलं होतं. नव्या कोऱ्या रॅलेच्या क्रँकचे, म्हणजे पायडल धरणाऱ्या दांड्याचे, आटे पार गेले होते. शिकाऊ पोरगंसुद्धा ही चूक एकदाच करतं.

 श्रीकांत म्हणाला, "होतं असं, अण्णा." भास्करने गंमत केली नाही. भास्करने गंमत केली नाही, हेच अण्णांना जास्त लागलं. श्रीकांत एका पायडलावर लंगडत घरी गेला आणि अण्णा त्याच्यामागून, मान खाली घालून.

घरी वासंतीबाईंनी ताट वाढलं. अण्णांनी नुसताच भात चिवडला.

"अहो, आता पुरे करा की," त्या म्हणाल्या. "आठवडाभर तेच, रविवारी पण तेच. शरीर आहे की लोखंड?"

"लोखंडाला तेल देता येतं," अण्णा म्हणाले आणि उठले.

पुढच्या रविवारी ते गेले. जायचं नाही असं ठरवून गेले. श्रीकांतच्या सायकलला नवा क्रँक बसला होता. भास्कर जरा वेळ टायर दाबून बघत राहिला, मग म्हणाला, "अण्णा, आज पिशवी श्रीकांतकडे द्या. शिकू दे त्याला. तुम्ही आज पुढे व्हा."

अनंत मुकाट्याने आपली सायकल बाजूला घेत होता. म्हणजे अनंतच्याही पुढे!  परत फिरावं, हंबर भिंतीला टेकवून ठेवावी आणि पुन्हा हिचं तोंड बघू नये, असं वाटलं. पण भांडायलाही अंगात त्राण लागतं. त्यांनी पिशवी काढून दिली. पायडलचा पाना तेवढा हळूच खिशात ठेवला.

पुढे रस्ता मोकळा होता. सवय नसल्याने तो फार मोठा वाटला. अण्णा चालवत होते आणि कान मागे होते. सपाट रस्त्यावर मागून तीन फ्रीव्हीलं टकटक टकटक करत होती. पायडल थांबवल्याशिवाय फ्रीव्हील वाजत नाही, आणि उतार तर कुठेच नव्हता. म्हणजे तिघंही पाय आवरून धरत होते, त्यांच्यासाठी.

"पायडल मारा रे!" अण्णा न वळता ओरडले. "ऐकू येतं मला!"

टकटक थांबली, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं, लाजेचंही होतं.

मग तो चढ आला. निम्म्यावर गुडघ्याने साथ सोडली. आता ना वळणाचा आडोसा, ना मागची जागा. सगळ्यांच्या देखत अण्णा उतरले आणि हंबर ढकलू लागले. मागे एक टाच जमिनीला लागल्याचा आवाज आला, मग दुसरी, मग तिसरी. तिघंही उतरले होते.

"तुम्ही कशाला उतरलात?" अण्णा तडकले. "मला दया नको कुणाची!"

"दया कसली?" अनंत धापा टाकत म्हणाला. "अण्णा, गेलं वर्षभर या चढावर तुमची हंबर मागे टकटकायची. चढावर फ्रीव्हील वाजतंय म्हणजे माणूस पायी चाललाय, हे आम्हाला कळायचं नाही होय? कानांनी तपासायला तुम्हीच तर शिकवलंत."

अण्णा जागच्या जागी थांबले. वर्षभर. प्रत्येक रविवारी. आणि माथ्यावर पोचल्यावर, "चेन बघत होतो जरा."

"मग बोलला का नाहीत?"

"नियम तुमचाच," भास्कर म्हणाला. "मागे वळून बघायचं नाही."

 अण्णांनी हँडल धरलं आणि चालू लागले. चौघं सायकली ढकलत चढत होते, चारही फ्रीव्हीलं वाजत होती. त्यात हंबर कुठली, हे अण्णांच्या कानांनाही वेगळं काढता येईना.

माथ्यावर श्रीकांत पिशवी उतरवून ठेवत होता. अण्णांनी खिशातून पाना काढला, धोतराला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"हा राहिला होता," ते म्हणाले. "आणि डाव्याचा आटा उलटा असतो, लक्षात ठेव."

"हो, अण्णा," श्रीकांत म्हणाला.