टायबरवरची चक्की

दोमितिल्लाच्या खिडकीखाली टायबर नदी वाहायची आणि नदीत तिच्या नवऱ्याची, एर्कोलेची, तरती पाणचक्की दोरखंडांनी बांधलेली असायची. लग्न होऊन रोमला आल्यापासून चक्कीची घरघर ऐकतच दोमितिल्ला निजायची. मग एका हिवाळ्यात पूर आला. दोर आवळायला गेलेला एर्कोले चक्कीसकट वाहून गेला. हाती काहीच लागलं नाही.

मृतात्म्यांच्या दिवशी जो तो आपल्या माणसाच्या थडग्यावर दिवा लावतो. तिने कुठे लावायचा? गेल्या साली ती मेणबत्ती घेऊन पुलावर उभी राहिली. वाऱ्याने वात टिकू दिली नाही.

"नदीला कुठं थडगं असतं?" शेजारीण नुन्त्सियाता म्हणाली. "चर्चात लाव नि मोकळी हो."

यंदा तो दिवस जवळ आला, तेव्हा वरच्या खोलीतल्या फ्रेंच भाडेकरूचं, एवारिस्तचं, मोठं चित्र पुरं झालं. पुराच्या आधी तिच्याच खिडकीतून त्याने ते काढायला घेतलं होतं. चक्की असणारच, म्हणून ती धावत वर गेली.

चित्रात सोनेरी संध्याकाळ होती. पलीकडच्या काठावरल्या पडक्या देवळाचे खांब इथे धड उभे होते. चक्कीच्या जागी नुसतं पाणी.

"मुस्यू, चक्की कुठंय?"

"सिन्योरा दोमितिल्ला, हे प्राचीन रोम आहे. यात चक्की कशी शोभेल?"

"आणि हे चादरी गुंडाळलेले कोण? आमच्या काठावर कधी दिसले नाहीत."

"तत्त्वज्ञ आहेत."

"असतील. पण पीठ कुठून आणतात?"

तो हसला. मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. पेटीतून त्याने एक मळका कागद काढला. मोठ्या चित्राआधी खिडकीत बसून केलेलं कच्चं चित्र. असलं तो कुणाला दाखवत नसे. त्यात चक्की होती, तपकिरी, बेढब, दोराला ताणलेली. दाराशी एक पांढरा ठिपका.

"हा एर्कोले का?"

एवारिस्तने कागद उजेडात धरला. "पोतं असेल. खोटं कशाला सांगू, आठवत नाही."

"पोतं तर पोतं," ती म्हणाली. "तो आत असेल मग. हा कागद मला द्याल?"

त्याने दिला.

मृतात्म्यांच्या दिवशी तिने खिडकी लावली, कागद भिंतीला टेकवला, पुढे मेणबत्ती लावली. ज्योत सरळ उभी राहिली. प्रार्थना संपली तरी ती उठली नाही. खाली नदी वाहत होती, घरघर न करता.