पकड घसरली

मोडलेली पट्टी उचलून तो उजेडाकडे धरायचा, तिरकी करून बघायचा आणि म्हणायचा, "सर, मोडायच्या आधी इचारलं असतं, तर सांगितलं असतं हिनं."

आमच्या कंपनीत विमानाच्या भागांसाठी कार्बन धाग्यांच्या पट्ट्या ताणून तोडतात. शेकड्यांनी. कुठली पट्टी किती ताणाला तुटेल, हे तो संगणकावर आधीच मांडायचा. मढचा पोरगा, तिशीतला. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. बैठकीत त्याला खुर्ची मिळत नाही आणि काही अडलं की सगळे त्यालाच शोधतात.

ग्राहकाचे साहेब हसायचे. "काय राव, कॉम्प्युटरवरच विमान उडवणार का?"

"उडवत न्हाई साहेब. कुठं फाटंल तेवढं सांगतो."

त्यांच्या फॉर्ममध्ये त्याच्या आकड्यांना रकानाच नव्हता. माल पुरवणारा धागे चिकटवणाऱ्या राळेची माहिती देईना; गुपित म्हणे! विश्वास हवा तर पुरावा आण म्हणायचं आणि पुराव्यासाठी माहिती मागायला गेला की दार लावून घ्यायचं. अजून डोकं फिरतं माझं. पण सगळ्यात घट्ट दार मीच लावलं होतं.

आपले आकडे ताडून बघायला त्याला जुन्या चाचण्यांच्या सगळ्या नोंदी हव्या होत्या. त्या माझ्या कपाटात होत्या. एखादी पट्टी फारच लवकर तुटली की, पकड घसरलेली नसली तरी, तिच्यापुढे मी 'यंत्राची पकड घसरली' असं लिहून ती बाद करायचो. वर्षानुवर्षं. आमच्यात सगळेच करायचे. कपाट उघडलं असतं तर मी उघडा पडलो असतो.

"सर, चावी?"

"शोधतोय रे."

पाच महिने शोधत होतो. चावी खिशात होती.

पंखाच्या एका भागात वळणावर आतले थर सुटतील, असं त्याने लेखी दिलं. मी शेरा मारला, 'पुरेसा पुरावा नाही.' अख्खा भाग चाचणीला लावला, तो नेमका त्याच वळणावर फाटला. वरून विचारणा झाली. मी म्हणालो, याच्या संगणकापायी आमचा वेळ गेला. त्याचा करार संपवला.

परवा मढला गेलो, त्याला सगळं सांगून टाकायला. तो आता बंगळूरला शिकवतो, हे तिथं गेल्यावर कळलं. घरी आई होती. तिने चहा टाकला.

"तुमीच व्हय ते सर? लई नाव काढतो तुमचं. म्हनतो, सरांनी माज्यासाठी लई खटपट केली, वरच्यांनी आडवलं."

मी चहा प्यायलो. निघताना तिने घरच्या तांदळाची पिशवी पुढे केली. मी नको म्हणालो नाही.