हॉलमधलं गवत

"हात लावून बघा. अहो लावा, लावा, चावत नाही ते!"

दारात चपला काढल्या, की ते गृहस्थ पाहुण्याला आधी खाली वाकायला लावत. मग स्वतः उकिडवे बसून, तापलेल्या लेकराचं कपाळ चाचपावं तसा त्या गवतावरून उलटा हात फिरवत. गवत प्लास्टिकचं होतं. विरारजवळच्या आमच्या आगाशी गावात कुंपणाबाहेर पाय टाकला तरी खरं गवत घोट्याला लागायचं, आणि या गृहस्थांनी बंगल्याच्या हॉलमध्ये खोटं गवत चिकटवून टेनिसचं कोर्ट केलं होतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. आमच्या वाट्याला हे आले होते.

ते आखातातून परतलेले. 'तिथल्या मोठ्या क्लबात मॅनेजर होतो,' असं सांगायचे. रस्ता असो, वीज असो, भाजी असो, "तिकडे असं नसतं" हे ठरलेलं. त्यांची मुलगी स्नेहल आमच्या विरारच्या शाळेत होती आणि मी तिथे खेळ शिकवायचे, म्हणून त्यांनी मला सल्ल्याला बोलावलं. सल्ला म्हणजे त्यांनी बोलायचं आणि मी मान डोलवायची.

"एवढ्याशा जागेत कोर्ट मावणार नाही," मी म्हटलं.

"मावेल तेवढं करायचं!"

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडली. त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, ओटा मागच्या पडवीत गेला. तरी जेमतेम अर्धं कोर्ट झालं. मग समोरच्या भिंतीवर त्यांनी रंगाऱ्याकडून जाळी काढून घेतली. चित्रातली जाळी! त्या गवताच्या गोंदाचा वास इतका उग्र, की कित्येक दिवस वहिनींच्या आमटीलाही तोच वास यायचा. वहिनी तीच आमटी सगळ्यांना वाढायच्या.

उद्घाटनाला नगरसेवक आले. त्यांनी हार घालून, रॅकेट तव्यासारखी धरून पहिला चेंडू मारला, तो थेट ट्यूबलाइटवर. टाळ्या थांबल्या. उरलेला कार्यक्रम बाहेर अंगणात झाला आणि हे संध्याकाळपर्यंत चिमट्याने गवतातल्या काचा वेचत बसले.

त्यानंतर नियम सुरू झाले. ओल्या पायांनी यायचं नाही. बूट नकोत. दोघांहून जास्त माणसं नकोत. खेळायला केलेल्या जागेत खेळ सोडून सगळं चालायचं. रोज पहाटे उठून ते गवताला ब्रश मारायचे, एका दिशेने, न कंटाळता. संध्याकाळी स्नेहल अनवाणी उभी राहून त्या रंगवलेल्या जाळीवर चेंडू मारायची. चेहरा असा, की दळणाच्या रांगेत उभी आहे.

हीच पोरगी शाळेत कबड्डीच्या चढाईला निघाली, की समोरच्या मुली नुसत्या तिच्याकडे बघूनच मागे सरायच्या.

"कबड्डी?" ते म्हणाले होते. "तो काय खेळ आहे? दम धरायचा आणि बडबडायचं!"

जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली आणि नेमका शाळेच्या मैदानावर कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पडला. स्नेहल म्हणाली, "बाई, आमच्याकडे चला. पप्पा मुंबईला गेलेत." दार वहिनींनीच उघडलं. मुलींनी रांगोळीने रेषा आखल्या. त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी ओरडलं, पडलं, हसलं. प्लास्टिकवर गुडघे सोलवटून निघत होते, पण कुणाला पर्वा नव्हती.

ते लवकर परतले. खांद्याला बॅग तशीच, दारात उभे.

"बाहेर! सगळ्या बाहेर!"

मुली पळाल्या. मी थांबले. मला चांगलंच सुनावायचं होतं. ते मात्र खाली बसून गवतातली रांगोळी झाडू लागले होते.

"हे मुलीसाठी केलंत ना?" मी विचारलं. "मग तिला खेळू का देत नाही?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "मी मॅनेजर नव्हतो, बाई. असल्याच गवताला रोज ब्रश मारायचो. त्यावर कधी एक चेंडूसुद्धा मारला नाही. म्हटलं, आपली पोरगी मारेल."

मला क्षणभर दया आली. तेवढ्यात ते म्हणाले, "रविवारी निवड-बिवड काही नाही. घरातच राहील ती." मी दया परत घेतली.

रविवारी काय झालं ते स्नेहलने सांगितलं. ते हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. वहिनी पडवीतून पिठाच्या हातांनीच आल्या आणि म्हणाल्या, "स्नेहल, तू मागच्या दाराने जा. मी बघते यांच्याकडे." त्या घरात वहिनींचा आवाज चढलेला तिने पहिल्यांदा ऐकला. काय बघितलं कोण जाणे, पण तिच्या मागे कुणी आलं नाही. तिची निवड झाली.

त्यानंतर मी समोरून आले, की ते रस्ता ओलांडायचे. पुढे स्नेहलला खेळावरच रेल्वेत नोकरी लागली आणि ती लांब नागपूरला गेली. तिचे पप्पाही आता नाहीत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते शाळेच्या मैदानावर. टेम्पोतून हॉलमधल्या गवताच्या गुंडाळ्या घेऊन आले होते. "बाई, तुमच्या मुलींना होईल. उत्तम क्वालिटी आहे."

"नको," मी म्हटलं. "कातडी सोलवटते."

वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी मान हलवली, टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं आणि इस्त्रीच्या पँटसकट मैदानाच्या कडेला बसले. मुलींचा कबड्डीचा सराव चालू होता.

"ओ काका, लाईनवर बसलात!" एक मुलगी ओरडली.

ते गडबडीने उठले, हातभर मागे सरकले आणि तिथेच पुन्हा मांडी घालून बसले. सराव संपेपर्यंत टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.