अध्यक्षांना लिहिलेलं सातवं पत्र

निवडणूक लागली की आमच्याकडचे पुढारी फोनवर फक्त तब्येतीची चौकशी करतात. कोण रेकॉर्डिंग करील आणि कुठल्या ग्रुपवर टाकील, याचा भरवसा नसतो. म्हणूनच पक्षाच्या तालुकाध्यक्षांनी विधानसभेच्या प्रचारात मला सांगितलं, "पत्रकारसाहेब, गावागावांतली हवा काय आहे ते कागदावर देत जा. ड्रायव्हर येऊन घेऊन जाईल."

मी शिरूरला एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी आहे. बातम्या देणं हे माझं काम. अध्यक्षांना पत्रं लिहिणं हे माझं काम नव्हतं. तरी मी नऊ पत्रं लिहिली. बदल्यात काही मागितलं नाही, आणि हेच मी कितीतरी दिवस स्वतःला बचाव म्हणून सांगत होतो. खरं म्हणजे मोठ्या माणसाला आपल्या सल्ल्याची गरज पडते, या कल्पनेनेच मी सुखावलो होतो. त्या सुखाची आज मला किळस येते.

पत्र दुसऱ्या दिवशी परत यायचं. समासात हिरव्या शाईने दोनपैकी एक शेरा असायचा, 'पाहिलं' किंवा 'बोलून घेतो'. अध्यक्ष काही सरकारी अधिकारी नव्हते, पण हिरव्या पेनाची त्यांना हौस होती. पत्र परत येतं यात मला मान वाटायचा. त्यांच्या घरात एक चिटोरा राहत नाही आणि सगळे कागद माझ्या कपाटात, माझ्या अक्षरात साठत आहेत, हे डोक्यात शिरलं नाही. पत्रकार परिषदेत दुसऱ्यांना आडवे प्रश्न विचारणारा मी.

सातवं पत्र आप्पांच्या वस्तीबद्दल होतं. आप्पा रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाडीचे रूळ बदलणारे, होते. दौंडच्या रेल्वे कॉलनीत त्यांचं क्वार्टर आमच्या शेजारी होतं. माझे वडील रात्रपाळीला गेले की मी त्यांच्याकडेच जेवायचो. निवृत्तीनंतर ते कवठे येमाईच्या बाजूला आपल्या गावी, बौद्ध वस्तीत येऊन राहिले. वस्तीतून स्मशानाकडे जायला धड रस्ता नाही. पावसाळ्यात तिरडी गुडघाभर चिखलातून न्यावी लागते. त्या निवडणुकीत वस्तीने ठरवलं, रस्त्याचं काम सुरू होत नाही तोवर कोणाचीच प्रचाराची गाडी आत येऊ द्यायची नाही. मी बातमीसाठी गेलो.

"जय भीम, आप्पा."

"जय भीम. ये पत्रकार. आज कुणाच्या गाडीतनं आलास?"

"एसटीनं आलो."

"मग जरा खरं छापशील." आप्पा हसले आणि खाट सरकवून दिली. "रस्ता मागितला की म्हंत्यात, आता आचारसंहिता हाय. आचारसंहिता मेल्याल्या मानसाला पन लागती व्हय रं?"

त्यांची सून चहा घेऊन आली. तिच्या टेबलावर नववीच्या विज्ञानाच्या वह्यांचा गठ्ठा होता. अध्यक्ष ज्या शिक्षणसंस्थेचेही अध्यक्ष आहेत, तिच्या विद्यालयात ती तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांवर, शिकवायची. चौथं वर्ष होतं. कायम करण्याचा तिचा प्रस्ताव त्याच महिन्यात संस्थेकडून पुढे जायचा होता.

"भावजी, रस्त्याचं सगळं छापा," ती म्हणाली. "फक्त मी कुठं शिकवते ते त्यात येऊ देऊ नका. एवढा प्रस्ताव जाऊ दे."

मी कबूल केलं. छापलेल्या बातमीत तो शब्द पाळलाही. आणि त्याच संध्याकाळी अध्यक्षांना लिहिलं : 'ही वस्ती आप्पांच्या शब्दाबाहेर नाही. त्यांची सून आपल्याच विद्यालयात तासिका तत्त्वावर आहे. रस्त्याचं काम सुरू झालं आणि तिचा प्रस्ताव मार्गी लागला, तर वस्तीतला राग निवळेल.'

मला वाटलं, मी एका दगडात तिचं कामही करतोय आणि रस्त्याचंही. इतकी वर्षं या माणसांना जवळून पाहून मला असं वाटलं, हे मी कोणाला सांगू? पत्र परत आलं तेव्हा त्यावर शेरा नव्हता. 'आपल्याच विद्यालयात तासिका तत्त्वावर' या शब्दांखाली हिरवी रेघ होती. पट्टी धरून मारलेली, सरळ.

चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी तिला बोलावून सांगितलं, वर्कलोड कमी झालाय, सोमवारपासून येऊ नका. त्याच दिवशी दोन कार्यकर्ते आप्पांच्या दारात येऊन बसले. "आप्पा, मतदान होऊ द्या, मग मॅडमचं बघू." दुसऱ्या दिवशी प्रचाराची गाडी वाजत गाजत वस्तीत शिरली. ती अडवायला कोणी उठलं नाही. आप्पांनीच सगळ्यांना बसायला सांगितलं होतं.

त्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. "संस्थेच्या एवढ्या शाळा, एवढी मास्तर मानसं. त्यात ह्यांला आमचीच सून कशी घावली? कुनीतरी सांगितलं असनार. तू पत्रकार हायेस, जरा तपास लाव."

मी म्हणालो, "बघतो."

मतदान झालं, गुलाल उधळून झाला, प्रस्ताव गेलाच नाही. मी अध्यक्षांकडे गेलो. ओरडायचं ठरवून गेलो होतो. ते शांतपणे म्हणाले, "माहिती तुमची, निर्णय मुख्याध्यापकांचा. यात मी कुठं आलो?" मग त्यांनी चहा मागवला. मी तो प्यालो. त्यांच्यावरचा माझा राग खरा आहे, पण तो चहा मी प्यालो हेही तितकंच खरं आहे.

आप्पांना खरं सांगायला मला सात महिने लागले. सांगितल्यावर ते उठून गोठ्याकडे गेले आणि मी असेपर्यंत परत आले नाहीत. सुनेने पत्र मागून घेतलं आणि उभ्यानेच वाचलं.

"राग निवळेल," ती म्हणाली. "भाषा छान आहे तुमची, भावजी."

मी माफी मागायला लागलो. तिने थांबवलं. "ते राहू द्या. मी शाळा न्यायाधिकरणात अर्ज केलाय. संस्था म्हणते, तास कमी झाले म्हणून काढलं. तुम्ही हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्याल का? तेवढं सांगा, मग चहा टाकते."

मी हो म्हणालो. शिरूरला ज्यांच्याकडे गेलो त्या वकिलांनी कागद चाळले आणि मान हलवली. "रेघेला हस्ताक्षर नसतं. अध्यक्ष सुटतील आणि तुम्ही अडकाल. पेपरवालेही ठेवायचे नाहीत." माझ्या सोयीसाठी त्यांनी मसुद्यात एक शब्द घातला होता : सदर माहिती मी 'अनवधानाने' दिली. मी तो खोडायला सांगितला. ते म्हणाले, विचार करा. मी म्हणालो, प्रत्येक ओळ दोनदा वाचून, चांगल्या कागदावर उतरवून दिली होती, त्यात अनवधान कुठलं. प्रतिज्ञापत्र दाखल झालं. महिन्याभरात दैनिकाने माझ्याऐवजी नवा प्रतिनिधी नेमला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पहिल्या तारखेला संस्थेच्या वकिलांनी मुदत मागितली. दुसऱ्या तारखेलाही. आप्पांची सून हल्ली तळेगाव ढमढेरेला एका खाजगी क्लासमध्ये शिकवते आणि तारखेच्या दिवशी रजा टाकून येते. आम्ही बाकावर एक जागा सोडून बसतो. आप्पा अजूनही माझ्याशी बोलत नाहीत.

वर्कलोड कमी झालेल्या त्या शाळेत नववीला विज्ञान शिकवायला दुसऱ्या बाई आल्या आहेत. त्याही तासिका तत्त्वावर. त्यांचं सासर कुठलं, हे मला एकजण सांगायला लागला होता. मी त्याला गप्प केलं.