नोव्हायला श्रीखंड घातलं त्या दिवशी

अमेरिकेतल्या आमच्या भागात नोव्हाय गावच्या मराठी मंडळींचं बरं आहे, त्यांच्याकडे सगळं आहे. देऊळ त्यांचं, मराठी शाळा त्यांची, किराणा दुकानं त्यांची आणि दर उन्हाळ्यात होणाऱ्या कबड्डीच्या सामन्याची ढालही त्यांचीच. आमचं गाव अगदी शेजारी. आमच्याकडे एक तळं आहे आणि त्यात बदकं आहेत. आमच्यातला एखादा जरा बरी चढाई करायला लागला, की त्याची मुलगी शाळेच्या वयाची होते, तो नोव्हायला घर घेतो आणि पुढच्या वर्षी आमच्याच अंगावर चालून येतो. वर विचारतो, काय कॅप्टन, यंदा सात माणसं जमली का? कॅप्टन मी. दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून आले. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे, गुडघे त्या मैदानातच ठेवून आलेत. विमानतळावरच त्यांनी सांगून टाकलं की ही शेवटची खेप. एवढा प्रवास आता झेपत नाही, फक्त एकदा नोव्हायला हरताना बघायचंय, की मी मोकळा. वर्षातून एकदा भेटणारा बाप शेवटची खेप म्हणतो, आणि त्याला दाखवायला माझ्याकडे काय, तर पाठदुखीवाले सात सॉफ्टवेअर इंजिनिअर.

आमच्यात रीत अशी, की सामना ज्यांच्या गावात त्यांनी पाहुण्यांना जेवू घालायचं. तेही सामन्याआधी, कारण पार्कमधलं शेल्टर, म्हणजे बाकं मांडलेली शेड, दुपारनंतर मिळत नाही. त्या वर्षी पाळी आमची होती. बाबांनी डोकं लढवलं. श्रीखंड-पुरी करा, आग्रह करकरून वाढा, तडस लागेपर्यंत जेवलेल्या माणसाला दम धरता येत नाही. झालं, आमच्या स्वयंपाकघरात चक्का टांगला गेला. कबड्डी आहे की मुंज, असं बायकोने विचारलं. मी वेलची कुटत राहिलो.

नोव्हायवाले आले, एकसारख्या जर्सीत. श्रीखंड बघून त्यांनी हात जोडले. अर्धे म्हणे इंटरमिटंट फास्टिंगवर, दोघे कीटोवर, आणि आमच्यातूनच तिकडे गेलेला एक जुना खेळाडू म्हणे, यार शुगर बंद केलीय. मी आग्रह केला, गळ्याची शपथ घातली. त्यांनी काकडी खाल्ली.

आता भरलेलं पातेलं, पुऱ्यांचा डोंगर आणि वर रणरणतं ऊन. घरी न्यावं तर वाटेतच आंबणार. आम्ही सातजण पातेल्याकडे बघत उभे राहिलो. डाव बाबांचा होता, त्यांना सगळं कळत होतं. पण शेवटी संस्कार आडवे आले.

"खाऊन माजावं, टाकून माजू नये," ते म्हणाले. "बसा."

बसलो. आणि एकदा आम्ही बसलो म्हटल्यावर बाबा वाढायला उठले आणि आग्रह करू लागले.

पुढचं काय सांगू! पहिली चढाई माझी. कबड्डी कबड्डी म्हणत मधली रेषा ओलांडली आणि वेलचीचा असा ढेकर आला की दम तिथेच तुटला. आमचा एक गडी तर पकडीआधीच आपणहून बसला. माझी मुलगी कडेवरून विचारत होती, आर यू ओके, डॅड? ढाल अर्थातच नोव्हायला गेली.

गाडीत बसून घरी निघालो. मला स्वतःची भयंकर चीड आली होती. बापाने एकच गोष्ट मागितली होती, ती मी पुऱ्यांबरोबर खाऊन बसलो होतो. त्यांच्याकडे बघायचं धाडस होईना. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तेच बोलले.

"पुढच्या वर्षी जेवण नोव्हायकडे ना?"

मी हो म्हटलं.

"मग उपाशी जायचं. आणि माझं तिकीट जरा आधीचं काढ. तुमची तयारी करून घ्यावी लागणार."

डोळ्यांत पाणी आलं, ते मी ढेकरावर खपवलं. नोव्हायवाल्यांनी अजून पुष्कळ वर्षं जिंकावं, असं त्या सिग्नलला मला पहिल्यांदाच वाटलं.