पाळकसाहेबांचा कंदील

उपासना संपली तरी आमच्या मंडळीतली माणसं लगेच घरी जात नाहीत. चर्चच्या पायरीवर टेकतात, आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, "बत्तीवाले, तो कंदील आठवतो का हो?" झालं! घरी भात करपतो, बायका निरोप पाठवून थकतात, पण पायरी सुटत नाही. एक किस्सा सांगावा तर दुसऱ्याला तिसरा आठवतो. हे इतके किस्से साठले कधी, मला खरंच कळत नाही. आम्ही आपले प्रभूचं काम करायला निघालो होतो.

बत्तीवाला म्हणजे मी, याकोब. लोणावळा स्टेशनच्या बत्तीघरात सिग्नलचे दिवे पुसायचे, त्यात घासलेट भरायचं, वाती कापायच्या, हे माझं काम. त्या काळी आमचे पाळक होते शांतवनराव. स्वभावाने मऊ, पण चिकाटीचे. आठ वर्षं ते मावळातल्या बाजारांत उभे राहून उपदेश करत होते. लोक थांबायचे, त्यांच्या छत्रीकडे बघायचे आणि पुढे जायचे. आठ वर्षांत शेवटपर्यंत ऐकणारं गिऱ्हाईक म्हणजे कामशेतच्या बाजारातली एक शेळी, आणि तीही बांधलेली होती. हे ते स्वतःच हसत सांगायचे. पण हसून झालं की छत्रीची मूठ चोळत बसायचे, ते आम्हाला बघवत नसे.

मग पुण्याच्या मिशनच्या मोठ्या साहेबांनी त्यांना एक जादूचा कंदील दिला. पत्र्याची पेटी, आत दिवा, पुढे भिंग. मधे रंगीत काच सरकवली की समोरच्या चादरीवर हे एवढं चित्र! अट मात्र सरळ होती. वर्षभर गावोगाव दाखवा, वर्षाच्या शेवटी मी स्वतः येऊन एक खेळ बघेन. लोक बसून राहिले तर कंदील लोणावळ्याचा, उठून गेले तर तो दुसऱ्या मंडळीला जाईल.

पाळकसाहेबांनी ती पेटी घरात नेली ती तान्हं मूल न्यावं तशी. मला म्हणाले, "याकोब, दिव्याचं काम तुझं. ही माझी शेवटची संधी आहे रे."

*

पहिला खेळ आमच्याच चर्चमध्ये केला. घरचीच माणसं, म्हटलं हात बसेल. वात छान लावली, काच पुसली, सरळ धरली आणि सरळच आत घातली. कंदिलात काच उलटी घालायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! चादरीवर चित्रातली सगळी माणसं डोकी खाली, पाय वर. सगळे हसायला लागले. पाळकसाहेबांचा चेहरा पडला.

पुढच्या बाकावर मार्थामावशी बसल्या होत्या. त्यांचं वय तेव्हाच सत्तरीच्या पुढचं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हसताय काय? देवाला वरून आपण असंच दिसत असू."

त्या रविवारच्या उपदेशाचा विषय पाळकसाहेबांनी आयत्या वेळी बदलला.

*

गावातला पहिला खेळ लोहगडवाडीला. काचा विलायतेहून आलेल्या, त्यामुळे चित्रातली माणसंही तिकडचीच. गोरीपान, सोनेरी केसांची. मेंढपाळाच्या अंगात पायघोळ पांढरा झगा. हरवलेलं मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट पाळकसाहेब रंगात येऊन सांगत होते, पण गर्दीत कुजबुज सुरू झाली. वाडीतली एक बाई तुंगार्लीच्या बंगल्यात आया म्हणून कामाला होती. ती बाकीच्यांना समजावून सांगत होती, "हे समदे उन्हाळ्यात हवा खायाला येत्यात. ह्यातल्या दोघांस्नी तर म्या वळखते."

एक धनगर उठून उभा राहिला. मेंढपाळाकडे बोट करून म्हणाला की हा माणूस असल्या झग्यात डोंगर चढला तर पहिल्याच चिखलात तोंडावर आपटेल, आणि मग मेंढरंच त्याला हुडकत येतील. सगळे हसले. पुढच्या चित्रात बर्फ पडलेला. वाडीतल्या म्हाताऱ्याने विचारलं, "आन् मंग तितं भात कवा लावत्यात?"

पाळकसाहेबांनी मला घाईने पुढची काच घालायला सांगितली. पाचव्या काचेला पुढे आम्ही चौघं आणि एक कुत्रं उरलं.

परतीच्या वाटेवर पाळकसाहेब कंदील छातीशी धरून पुढे चालत होते. रूथबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पेटी वाजवायला बरोबर असायच्या. त्या म्हणाल्या, "चूक लोकांची नाही. चित्रात त्यांचं कुणीच नाही." आणि त्यांनी चौथ्या माणसाकडे बघितलं.

*

चौथा माणूस म्हणजे दानू पेंटर. रेल्वेत बोर्ड रंगवायचा. हात असा सरळ की पट्टी लाजेल! त्याला सांगितलं, आपल्या माणसांची चित्रं काचेवर काढ. त्याने आठवडाभर खपून पहिली काच केली. आम्ही ती कंदिलात घातली आणि चादरीवर नुसता काळा ढग आला. बोर्डाच्या तैलरंगातून उजेड जाईल कसा? मग बाजारातल्या फोटोवाल्याकडून फोटो रंगवायचे पातळ रंग आणले, वर व्हर्निशचा हात मारला, आणि चित्र काय उघडलं म्हणता!

दुसऱ्या काचेवर लुटल्या गेलेल्या वाटसरूची गोष्ट होती. यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस, वाटेत त्याला चोर गाठतात. दानूने वाटसरूला धोतर-पागोटं दिलं, डोंगर दिले, करवंदीची जाळी दिली. पण सवय जाते कुठे? चित्राच्या वरच्या कोपऱ्यात त्याने स्टेशनासारखा बोर्ड काढला होता. त्यावर 'यरुशलेम', आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची! खालच्या कोपऱ्यात दुसरा बोर्ड 'यरीहो', त्यालाही उंची!

पाळकसाहेब चिडले. ते चिडलेले मी दोनदाच बघितले, त्यातली ही एक वेळ. दानू म्हणाला, "साहेब, यरुशलेमहून यरीहोला उतार आहे असं तुम्हीच सांगितलंत. म्हणून वर लोणावळ्याची उंची टाकली, खाली कर्जतची."

नवी काच करायला वेळ नव्हता, म्हणून तीच नाणे गावात दाखवली. चित्र पडलं मात्र, पुढे बसलेला एक म्हातारा मान डोलवून म्हणाला, "घाट हाय व्हय! मंग चोर असनारच."

त्या दिवशी एकही माणूस उठला नाही. पाळकसाहेबांनी तो बोर्ड पुढे कधीच पुसू दिला नाही.

*

रूथबाई चादरीच्या मागे बसून गायच्या, कारण पुढे बसल्या तर त्यांची सावली चित्रावर पडायची. आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम ठेवावं. ग्रामोफोन तेव्हा लोणावळ्याच्या हॉटेलात नुकताच आलेला, गावच्या बायकांनी तो येताजाता ऐकलेला, आणि त्या पेटीत कुणी बाई बसून गाते अशी त्यांची समजूत. एका गावी खेळ संपल्यावर एक बाई धीर करून चादरीच्या मागे गेली. रूथबाईंना आणि त्यांच्या पेटीला तिने नीट बघितलं.

"बाई," ती कळवळून म्हणाली, "तुमाला ह्यांनी हितं कवापास्नं कोंडलंय?"

रूथबाईंनी तिला खरं काय ते सांगितलं. तरी ती घरी जाऊन भाकरी-पिठलं घेऊन आली आणि रूथबाई जेवेपर्यंत पाळकसाहेबांकडे रागाने बघत बसली.

*

उधळ्या मुलाची गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती, वडिवळे गावी मोठ्या साहेबांसमोर करायच्या खेळासाठी. घर सोडून गेलेला मुलगा हरून परत येतो, बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. मूळ गोष्टीत बाप पुष्ट वासरू कापतो. हे वडिवळ्याच्या शेतकऱ्यांना सांगायची पाळकसाहेबांची छाती होईना. शेवटी त्यांनी बापाकडून गावजेवण घातलं. दानूने पंगत काढली, पत्रावळीवर पुरणपोळी काढली.

तालमीला आम्ही स्टेशनच्या दोन-चार हमालांना बसवलं होतं. चित्र बघून एक हमाल म्हणाला, "पोळी दिसती, पन आमटी कुटं हाय?" दानू चिडला, पण रात्री बसून प्रत्येक पत्रावळीशेजारी कटाच्या आमटीचा द्रोण काढून मोकळा झाला.

त्याची खरी कारागिरी मात्र त्याच्या आधीच्या काचेत होती. तिथे एकावर एक दोन काचा होत्या. एकीवर मुलगा उभा, दुसरीवर बाप. वरची काच मी हळूहळू ओढली की बाप चालत मुलाकडे जायचा आणि शेवटी दोघं भेटायचे. हलणारं चित्र! आम्ही चौघांनी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा रूथबाई रडल्या. पाळकसाहेब म्हणाले, मोठ्या साहेबांना हेच दाखवायचं.

*

मोठे साहेब आले आणि त्यांना घेऊन आम्ही वडिवळ्याला गेलो. भात झोडून झाला होता, खळी मोकळी होती. कोंडीआबांनी आपलं खळं दिलं होतं. आबा गावातले मानाचे शेतकरी, बोलणं कमी, शब्दाला पक्के. दिवेलागणीला अख्खा गाव जमला. साहेबांना खुर्ची दिली. ते घड्याळ काढून बसले.

पाळकसाहेब उभे राहणार तेवढ्यात रूथबाई चादरीमागून धावत आमच्याकडे आल्या. शेजारच्या बाईने त्यांना काहीतरी सांगितलं होतं. आबांचा मुलगा नामदेव शेती सोडून रेल्वेत गेला, म्हणून आबांनी त्याला पुन्हा घरात पाऊल टाकू नको असं सांगितलं होतं. तरी तो पहिल्या दिवाळीला आला, तर आबांनी दार लावून घेतलं. त्याला चार वर्षं झाली होती. गावात आबांसमोर कुणी त्या मुलाचं नाव काढत नसे.

नामदेवला मी ओळखत होतो. आमच्याच लोणावळ्याच्या इंजिन शेडमधला खलाशी, म्हणजे अंगमेहनतीची कामं करणारा. दर दिवाळीला दुसऱ्यांची ड्युटी मागून घ्यायचा. आम्हाला वाटायचं, कामसू आहे.

पण खरी आफत पुढेच होती. दानू खाली बघत पुटपुटला, "साहेब, मला बघितल्याशिवाय चेहरा काढता येत नाही. जागा बघायला आलो तेव्हा आबांनी पाणी दिलं. बापाचा चेहरा मी त्यांचाच काढलाय."

आता काय करायचं? काच गाळावी तर गोष्टच उरत नाही. दाखवावी तर आबा भर गावात अपमान झाला म्हणून उठतील, आणि आबा उठले की गाव उठेल. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मग म्हणाले, "दाखव."

गोष्ट सुरू झाली. मी ती काच घातली. कुणीतरी "आबा" एवढंच म्हणालं. चादरीवर एका बाजूला मान खाली घातलेला मुलगा, दुसऱ्या बाजूला कोंडीआबा, त्याच मिशा, तेच मुंडासं. मी काच ओढायला लागलो. आबांचं चित्र एक पाऊल चाललं, दोन पावलं चाललं आणि थांबलं.

दिव्याच्या धगीने व्हर्निश वितळून काचा एकमेकींना चिकटल्या होत्या. मी ओढतोय, बोटं भाजतायत, पण बाप काही हलेना. हात पुढे केलेला, पाय उचललेला, अर्ध्या वाटेत उभा. साहेब माझ्याकडे बघत होते, गाव आबांकडे बघत होता.

आबा उठले. त्यांची सावली चादरीवर पडली, चित्रातल्या आबांच्या शेजारी. ते मागे वळले आणि उजेडात डोळे बारीक करून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"राहू दे रं, बत्तीवाल्या. वढू नगंस. म्याच जातो."

त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि कामशेत स्टेशनच्या वाटेला लागले. त्यांच्या काठीचा आवाज लांब जाईपर्यंत खळ्यात कुणी हललं नाही. नंतरही कुणी हललं नाही. चादरीवर ते अडकलेलं चित्र, आणि त्याच्यापुढे बसलेला सगळा गाव.

साहेबांना मराठी चांगली येत होती. त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीला नम्रपणे विचारलं, "बाई, चित्र तर बंद पडलं. आपण सर्व अजून का बसला आहात?"

"आबा पोराला घिऊन येस्तवर बसतो की," म्हातारी म्हणाली. "तुमी दिवा तेवढा ठिवा."

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"बत्तीवाले," त्यांनी विचारलं, "घासलेट किती आहे?"