पाण्यात फुलणाऱ्या कळ्या

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे पापुद्रेबाई म्हणत. राळेत घट्ट बसवलेली कळी काचेच्या सुरीने त्या इतकी पातळ कापायच्या, की पाण्यावर नुसती चमक तरंगायची. ती चमक काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने ढकलत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या इवल्याशा तांब्याच्या जाळीवर घ्यायच्या. तेवढा वेळ त्या श्वास रोखून धरायच्या. तीस वर्षं हेच काम.

घरी त्या एकट्या. सोमवारी त्यांचा आवाज घोगरा असायचा, कारण शनिवारपासून बोलायला कुणी नसायचं. “बाई, गळ्याला तेल घाला,” असं मी म्हणायचो आणि स्वतःच हसायचो.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम वर्षभर परगावी जाणार होत्या. जाताना एका तळ्यातल्या कळ्या बाटल्यांत भरून बाईंच्या हवाली केल्या. ही वनस्पती पाण्याखाली फुलायची. तिच्या परागकणाची भिंत कशी घडते, ते टप्प्याटप्प्याने कापून ठेवायचं होतं. तळं बुजवायला घेतलं होतं, म्हणजे होत्या तेवढ्याच कळ्या.

बाईंनी कापायला सुरुवात केली आणि त्यांचा चेहरा उतरला. आजवर कापलेल्या प्रत्येक फुलात परागकणाभोवती बाहेरची जाड, नक्षीदार भिंत ठळक दिसायची. इथे ती नव्हतीच, नुसती आतली पातळ भिंत. राळेत बसवण्याआधी कळ्या ज्यात बुडवायच्या त्या आपल्या औषधानेच भिंत खाल्ली, असं त्यांच्या मनाने घेतलं. औषध नवं केलं, सुऱ्या बदलल्या. तरी तेच. आता हात गेला माझा, असं त्या सुरीशी पुटपुटत. शेवटची बाटली संपली तेव्हा त्यांनी सगळे काप टाकून दिले. खराब काम मागे ठेवायचं नाही, हा त्यांचा बाणा.

मॅडम परत आल्या, बाईंची नोंदवही वाचली आणि बाईंना बोलावून घेतलं.

“अहो, पाण्याखाली परागकण सुकतच नाही. त्याला ते कवच कशाला लागेल? तेच तर बघायचं होतं. तुमचे काप बरोबर होते.”

बाईंनी वही ओढून शेवटचं पान पुन्हा वाचलं.

“मला नाही, तर निदान इथल्या कुणाला तरी विचारायचंत.”

“कुणाला विचारणार?” बाई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात, खरोखरच विचारत होत्या.

त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसतो. मी मान खाली घालून परीक्षानळ्या पुसत राहिलो.